सर जगदीशचंद्र बोस आणि बॅटरीवाचून बोलणारा रेडिओ

विद्यार्थी मित्रांनो, झाडांना संवेदना असतात हे सिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणून सर जगदीशचंद्र बोस यांचे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. त्यांचे दुसरे काम मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. ते काम गॅलिना नावाच्या एका खड्याचे आहे.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा. वडील भगवानचंद्र हे बंगालमध्ये डेप्युटी मॅजिस्ट्रेट. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस मुलाला इंग्रजी शाळेत घालणार, असेच सर्वांना वाटले. त्यांनी त्याला बंगाली पाठशाळेत घातले. वर्गात जगदीशच्या उजव्या हाताला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि डाव्या हाताला एका कोळ्याचा. पाखरांच्या, जनावरांच्या, पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी त्याने या दोघांकडून ऐकल्या. शाळा सुटल्यावर तिघे घरी आले की आई तिघांनाही सारखेच खाऊ घाली. पालकहो, मुलाला कोणत्या माध्यमात घालावे या चिंतेत तुम्ही असाल, तर ही पाठशाळा ध्यानात असू द्या.

पुढे कलकत्त्याचे सेंट झेवियर्स आणि नंतर केंब्रिज. 1885 मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेव्हा हिंदी प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा कमी पगार मिळे, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्यातही कपात. बोस यांनी भांडण केले नाही की राजीनामाही दिला नाही. ते रोज शिकवीत राहिले. पगाराला मात्र तीन वर्षे हात लावला नाही. वडील कर्जात बुडालेले असताना हे केले, हे विसरू नका. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील थकबाकीसह दिला. वडिलांचे कर्जही त्यांनीच फेडले.

प्रयोगशाळा म्हणजे जेमतेम चोवीस चौरस फुटांची खोली, आणि मदतीला एक देशी पत्रेकाम करणारा कारागीर. 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी अदृश्य विद्युत्-लहर लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून आणि भिंतींतून पार पाठवून पलीकडे घंटा वाजवली व बंदुकीची दारू पेटवली. यात एक गोष्ट नीट समजून घ्या. घंटा वाजवण्याची शक्ती लहरीची नव्हती, ती तिथल्या बॅटरीची होती. लहरीने फक्त कळ दाबली.

मग लहरीच्याच शक्तीवर काम होईल काय? इथे आपला खडा येतो. गॅलिना हे शिसे आणि गंधक यांचे चकचकीत खनिज. अशा खनिजांतून वीज एका बाजूने सहज व उलट बाजूने कष्टाने जाते, हे जर्मनीत ब्राउन यांनी 1874 मध्येच पाहिले होते. बोस यांनी असा खडा विद्युत्-लहरी ओळखण्यासाठी वापरला. त्यांच्या मांडणीत बॅटरी होती. ती पुढे इतरांनी काढून टाकली, आणि क्रिस्टल सेट जन्मला.

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह तुम्ही पाहिलाच आहे. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. एरियलमध्ये आलेला प्रवाह सेकंदाला लाखो वेळा मागे-पुढे होतो. हेडफोनचा पडदा तेवढ्या वेगाने कसा हलणार? खड्याने एक बाजू अडवली की उरतो तो एकेरी रेटा, बोलण्याच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त होणारा. पडदा त्याने हलतो. सेल नको, वीज नको. 23 जुलै 1927 रोजी सुरू झालेले मुंबईचे दीड किलोवॅटचे केंद्र अशा सेटवर सुमारे 30 मैलांपर्यंत ऐकू येई. आपल्या बुलढाण्यापर्यंत तो पल्ला कुठला यायला!

आजच्या डायोडचे काम हेच आहे. आवाजाचा प्रवाह आला की त्यातला चिमूटभर भाग डायोडने एकेरी करून कपॅसिटरमध्ये साठवायचा आणि तेवढ्यावर ट्रान्झिस्टरची कळ उघडायची, अशी स्वतःच्याच आवाजावर चालणारी मंडले विद्यार्थी सहज जोडू शकतात.

या शोधाचे अमेरिकन पेटंट बोस यांना 1904 मध्ये मिळाले. तेही भगिनी निवेदिता आणि सारा बुल या स्नेह्यांनी मागे लागून अर्ज करायला लावला म्हणून. त्यांनी त्यातून पैसा केला नाही, ते तसेच संपू दिले. आपण याला त्याग म्हणून गौरवतो. मला तसे पूर्ण पटत नाही. त्या पैशातून त्या चोवीस फुटांच्या खोलीऐवजी एक चांगली प्रयोगशाळा कितीतरी आधी उभी राहिली असती. त्यांची संस्था कलकत्त्यात उभी राहायला 30 नोव्हेंबर 1917 उजाडले.

23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हातची उपकरणे कलकत्त्याच्या त्या बोस संस्थेत जपून ठेवलेली आहेत.