विश्लेषण : मुलांचे शब्द अडतात तेव्हा… ताराबाई मोडक यांनी काय केले?

खामगाव परिसरातले मूल अंगणवाडीत येते तेव्हा वावर, बंडी, पऱ्हाटी हे शब्द त्याच्या तोंडी असतात. चित्रांच्या पुस्तकात मात्र शेत, बैलगाडी, कापसाचे झाड असते. मूल गप्प बसते आणि ‘याला शब्दच येत नाहीत’ असा शेरा मिळतो. मुलांच्या दारापर्यंत शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक यांचे काम अशा वेळी आठवते.

कोण होत्या ताराबाई?

जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. माहेर केळकरांचे, घर प्रार्थना समाजाचे. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत गेली, म्हणजे वऱ्हाड त्यांना परके नव्हते. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या आणि पुढे राजकोटच्या महिला अध्यापक महाविद्यालयात प्राचार्य झाल्या. पदरी लहान मुलगी होती. त्या काळात हे किती कठीण गेले असेल! तरीही १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला.

माँटेसरी पद्धतीत शब्द कसे शिकवतात?

आधी वस्तू हातात, मग तिचे नाव. पहिल्या पायरीवर शिक्षिका दोन-तीन वस्तू दाखवून नावे सांगते. दुसऱ्या पायरीवर नाव घेते, मूल वस्तू उचलून देते. तिसऱ्या पायरीवर वस्तू दाखवून नाव विचारते. बहुतेक घरांत आपण थेट तिसरी पायरी गाठतो, ‘सांग, हे काय?’ असे दहादा विचारतो आणि मूल तिथेच अडते. खरे काम दुसऱ्या पायरीवर होते, कारण शब्द ओळखता येणे हे बोलता येण्याच्या आधी घडते. मूल चुकले तर टोकायचे नाही. वस्तू ठेवून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

कुरणशाळा म्हणजे काय?

१९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. पण गरिबांची मुले बालवाडीपर्यंत पोहोचतच नाहीत, हे ताराबाईंना खुपत होते. १९४५ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ सोबत होत्या. मुले येत नाहीत म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरू लागली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखत, म्हणून शाळा कुरणावर गेली.

महागडी माँटेसरी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्याऐवजी शिंपले, खडे, पाने, बिया आल्या. काटकसर झालीच, पण भाषेच्या दृष्टीने फायदा मोठा होता. या वस्तूंची नावे मुलाला घरच्या बोलीत आधीच ठाऊक असतात. त्या नावाशेजारी मराठी शब्द ठेवला की पुरते. खामगावातही पऱ्हाटीचे बोंड हातात देऊन दोन्ही नावे सांगता येतील. ‘बंडी’ चूक ठरवायचे काहीच कारण नाही.

पुढे काय झाले?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द गावोगाव पोहोचला. त्याच अंगणवाडीत आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.