टोनी स्टोन : मैदानावरचा दुहेरी बहिष्कार

पालवणकर बाळूंच्या फिरकीवर पुण्याच्या सवर्णांना सामने जिंकायचे होते; चहा मात्र त्यांना मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. हा इतिहास आमच्या वाचकांना ठाऊक आहे. असाच बहिष्कार अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंनी बेसबॉलमध्ये भोगला. गोऱ्या संघांची दारे बंद, म्हणून त्यांनी स्वतःचे संघ आणि स्वतःची लीग उभारली. पण खेळाडू काळी असून शिवाय स्त्री असेल तर तिने जायचे कुठे?

टोनी स्टोनपुढे हाच प्रश्न होता. मूळ नाव मार्सेनिया. जन्म १९२१ चा, वेस्ट व्हर्जिनियातला. मिनेसोटातील सेंट पॉल शहराच्या काळ्या वस्तीत ती वाढली. आईवडिलांना हा खेळ पसंत नव्हता, तरी किशोरवयातच ती पुरुषांच्या संघातून खेळू लागली. १९४३ साली स्त्रियांची व्यावसायिक लीग निघाली, पण १९५४ साली बंद पडेपर्यंत त्या लीगमध्ये एकही काळी स्त्री खेळली नाही.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सनने गोऱ्या लीगची वर्णभिंत फोडली. मग उत्तम काळे खेळाडू तिकडे गेले, मागोमाग प्रेक्षकही गेले आणि काळ्यांच्या लीगला घरघर लागली. अशा वेळी, १९५३ साली, इंडियानापोलिस क्लाऊन्सच्या मालकाने टोनीशी करार केला. हेतू तिकीटविक्रीचा होता. पण टोनी शोभेची बाहुली नव्हती! स्कर्ट घालून खेळण्याची सूचना तिने धुडकावली. ती सेकंड बेसवर उभी राहिली. धावत येणारे प्रतिस्पर्धी खिळ्यांच्या बुटांनी तिला जखमी करत. स्वतःच्या संघातलेही काही जण तिला पाण्यात पाहत. मुक्कामी हॉटेलवाले तिला वेश्या समजून कुंटणखान्याची वाट दाखवत. तिथल्या स्त्रियांनीच तिला जेवू घातले, जपले.

१९५४ साली कॅन्सस सिटी मोनार्क्सने तिला घेतले आणि बहुतेक वेळ बाकावर बसवून ठेवले. मोसम संपताच तिने व्यावसायिक खेळ सोडला. पुढे ओकलंडमध्ये परिचारिकेचे काम केले, वृद्ध पतीची सेवा केली. १९९६ साली तिचे निधन झाले.

२०२० साली अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने काळ्यांच्या लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला, पण तो १९२० ते १९४८ या काळापुरताच. टोनीचे दोन्ही मोसम त्याबाहेर राहिले!

वर्णाची भिंत पडली म्हणून स्त्रीपुढची भिंत आपोआप पडत नाही, हे टोनीचे आयुष्य सांगते. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरूनच मोजली. म्हणून आमच्या बांद्यापासून नागपूरपर्यंतच्या कार्यकर्त्यांना आम्ही विचारतो : जयंतीच्या क्रीडास्पर्धांत मुलींचा संघ उतरतो काय? आणि उतरत असेल, तर तो खेळण्यासाठी की फोटोपुरता?