देवराष्ट्र्याचा पोरका यशवंत : माफी न मागणाऱ्या आईनं घडवलेला नेता

देवराष्ट्रे (ता. कडेगाव) : यशवंतराव चव्हाण म्हटलं की आपल्याला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आठवतात, देशाचे संरक्षणमंत्री आठवतात. पण हा माणूस घडला कसा, हे नव्या पोरांना फारसं ठाऊक नसतं. बाप लहानपणीच गेलेला, घरात पैसा नाही, आईला अक्षरओळख नाही. अशा घरातून ते वर आले. म्हणून त्यांच्या लहानपणाची ही गोष्ट.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, आजोळी देवराष्ट्र्यात. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. आई विठाबाईंचं बाळंतपण अवघड होतं. आजीनं सागरेश्वराला साकडं घातलं, यश दे म्हणून. पोर सुखरूप झालं आणि नाव ठेवलं यशवंत. चव्हाणांचं मूळ गाव विटे. वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलीफ होते. पगार बेताचाच, पण घर चालत होतं.

यशवंत चार-एक वर्षांचा असताना प्लेगच्या साथीत वडील गेले. मागं विठाबाई आणि चार लेकरं : ज्ञानोबा, गणपत, राधाक्का आणि सगळ्यात धाकटा यशवंत. विठाबाई लेकरं घेऊन माहेरी आल्या. पुढं थोरल्या ज्ञानोबाला वडिलांच्या जागी कोर्टात नोकरी मिळाली, तेव्हा घराला जरा आधार आला. नंतर शिक्षणासाठी बिऱ्हाड कराडला हललं.

विठाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोरांनी शिकलं पाहिजे हे त्यांचं पक्कं होतं. जात्यावर दळताना त्या ओव्या म्हणायच्या, पोरं ऐकायची. पुढं यशवंतरावांची भाषा गोड म्हणून सगळा महाराष्ट्र नावाजायचा, त्या भाषेचं मूळ या जात्यापाशी आहे.

कराडला टिळक हायस्कुलात असतानाचा एक प्रसंग जुनी माणसं अजून सांगतात. गुरुजींनी वर्गात विचारलं, तुम्हाला मोठेपणी कोणासारखं व्हायचंय? पोरांनी थोरामोठ्यांची नावं दिली. यशवंतानं स्वतःचंच नाव दिलं. काहींना ते आगाऊपणाचं वाटलं असेल, पण दुसऱ्याची नक्कल करायची नाही हे त्या पोरानं तेव्हाच ठरवलं होतं.

त्या काळात आपल्या भागात दोन वारे वाहत होते. एक सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचं. मधले बंधू गणपतराव त्या विचारांचे होते, त्यामुळं घरात जोतिबा फुल्यांचं नाव होतं, शेतकरी आणि बहुजन समाजाच्या दुःखाची चर्चा होती. दुसरं वारं स्वातंत्र्याच्या चळवळीचं. १३ सप्टेंबर १९२९ ला लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानं गेले. ती बातमी वाचून सोळा वर्षांचा यशवंत रडला. आपलं आयुष्य देशासाठी, हे तिथंच मनात बसलं. भावाचे विचार त्यांनी टाकले नाहीत, पण रस्ता काँग्रेसचा धरला. पुढच्या सगळ्या राजकारणात हे दोन्ही धागे दिसतात.

१९३२ साली सत्याग्रहात पकडले गेले. अजून मॅट्रिकही झाली नव्हती. कराडच्या कोठडीत असताना आई भेटायला आल्या, सोबत शाळेतले एक शिक्षक होते. शिक्षकांनी भल्यासाठीच सुचवलं की माफी मागितली तर पोरगं सुटेल. विठाबाई त्यांच्यावरच रागावल्या. माफी कशाची मागायची, असा त्यांचा सवाल होता. पोराला तब्येत सांभाळायला सांगितलं आणि त्या उठून निघाल्या. घरात दोन वेळची ओढाताण असताना विधवा बाईनं हा निर्णय घेतला. शिक्षा लागली अठरा महिने सक्तमजुरी.

पण येरवड्याचा तुरुंग त्यांच्यासाठी कॉलेज ठरला. आचार्य भागवत, एस. एम. जोशी, रावसाहेब पटवर्धन अशी माणसं तिथं भेटली. भागवतांनी कालिदास शिकवला. गांधीवाद, समाजवाद, मार्क्स यांवर बराकीत वाद चालायचे. खेड्यातून आलेलं पोर ऐकत होतं, वाचत होतं, स्वतःचं मत बनवत होतं. सुटून आल्यावर १९३४ ला मॅट्रिक, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बी. ए. आणि पुण्यात १९४१ ला एलएल. बी. भावांनी संसाराचा भार उचलला म्हणून हे शिक्षण झालं. मधल्या काळात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचीही ओढ लागली, पण महायुद्धात इंग्रजांना साथ द्यायची ही रॉय यांची भूमिका पटली नाही, म्हणून ते बाजूला झाले.

२ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत यशवंतराव भूमिगत. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी नव्या नवरीला अटक केली. या चळवळीची किंमत त्यांच्या घरातल्या बायकांनीही मोजली.

१९४६ ला ते आमदार झाले, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे. आता त्यांच्या कारभाराकडं बघा. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या घरातल्या पोरांना फी माफ. १९५८ ला महार वतनं रद्द करणारा कायदा. १९६१ ला जमिनीच्या कमाल धारणेचा कायदा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या. फी माफीत कराडचं ते ओढाताणीचं घर दिसतं, वतन आणि जमिनीच्या कायद्यात गणपतरावांनी घरात आणलेले विचार दिसतात. हे कायदे पुरे राबले का, जमीन खरंच भूमिहीनांना किती मिळाली, यावर वाद घालता येतो आणि घालायलाही पाहिजे. पण खेड्यातल्या माणसाच्या हातात कारभार द्यायचा, ही त्यांची दिशा साफ होती.

२५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव गेले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. तिथं हार घालायला नेत्यांची गर्दी होते. पण बाप गेल्यावर शाळा सोडून कामाला लागलेली पोरं आजही आपल्या गावात आहेत. अशा पोराची फी आणि वह्या-पुस्तकं गावानं उचलली, तर ते हारापेक्षा मोठं काम होईल. यशवंतरावांनी १९४६ पर्यंतची आपली हकीकत ‘कृष्णाकाठ’ या पुस्तकात लिहिली आहे. गावच्या वाचनालयात असेल तर आणा आणि घरातल्या पोरांना वाचायला द्या.