एका साध्या नियमाची शोकांतिका

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील सूतिकागृहाचे दोन स्वतंत्र विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. बाळंतपणासाठी आलेल्या बाईने कोणत्या विभागात जायचे, हे तिच्या इच्छेवर नव्हते. एक दिवस पहिल्या विभागाचा, दुसरा दिवस दुसऱ्याचा, अशी पाळी ठरलेली होती. तेथे येत त्या मुख्यतः गरीब घरच्या स्त्रिया, मोलकरणी आणि अविवाहित माता. त्यांच्यापैकी कित्येकींना अक्षरओळखही नसेल. पण पहिल्या विभागात गेलेली बाई जिवंत परत येईलच याचा भरवसा नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. आपण पहिल्या विभागाच्या पाळीत सापडलो, हे कळताच गुडघे टेकून, हात जोडून, तेथे नेऊ नका अशी विनवणी करणाऱ्या स्त्रिया तेथे नित्य दिसत. काहीजणी वाटेतच बाळंत होत आणि मूल पदरात घेऊन दाराशी येत. नवल असे की, रस्त्यात बाळंत झालेल्या या स्त्रियांना पहिल्या विभागातील इतरांच्या मानाने आजार कमी होई.

हा आजार म्हणजे प्रसूतिज्वर. बाळंतपणानंतर एकदोन दिवसांत थंडी वाजून ताप चढायचा, पोट फुगून असह्य दुखायचे, आणि आठवड्याच्या आत सारे संपायचे. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता दगावल्या. म्हणजे शंभरात अकरांहून अधिक. दुसऱ्या विभागात त्याच वर्षी ३,७५४ बाळंतपणांत १०५ मृत्यू झाले. म्हणजे शंभरात तीनांहूनही कमी. छप्पर एक, शहर एक, हवा एक, येणाऱ्या स्त्रियांची स्थितीही एक. आणि मृत्यूच्या प्रमाणात मात्र चौपट अंतर. हे आकडे कोणी दडवून ठेवले नव्हते. रुग्णालयाच्या वह्यांत ते व्यवस्थित नोंदलेले होते. त्यांच्याकडे प्रश्न म्हणून पाहणारा माणूस तेवढा यायचा होता.

तो माणूस त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पहिल्या विभागाचा साहाय्यक म्हणून रुजू झाला. इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे एका सुखवस्तू वाण्याच्या घरी झाला. १८३७ मध्ये ते कायदा शिकण्यासाठी व्हिएन्नास आले आणि वर्षभरातच वैद्यकीकडे वळले. १८४४ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. रोकिटान्स्की, श्कोडा आणि हेब्रा या त्या काळच्या व्हिएन्नातील नामवंतांचा त्यांना सहवास लाभला. त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक क्लाइन हे मात्र रुळलेल्या वाटेने जाणारे गृहस्थ होते.

प्रसूतिज्वराची कारणे त्या वेळी पुष्कळ सांगितली जात. दूषित हवा, ऋतुमान, आकाशातील व भूमीतील अज्ञात प्रभाव, स्त्रियांच्या मनातील भीती, अशी ही यादी होती. सेमेलवाइस यांनी त्यांतील एकेक कारण दोन विभागांच्या तराजूत घालून पाहिले. हवा दोन्हीकडे सारखीच होती. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागातच जास्त होती. मरणासन्न स्त्रीकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागाच्या खोल्यांतून जातो, त्या धसक्याने बाळंतिणी आजारी पडतात, असेही कोणी सुचविले. धर्मगुरूची वाट बदलून आणि घंटा थांबवून पाहिली, तरी मृत्यू थांबले नाहीत. दुसऱ्या विभागाप्रमाणे स्त्रियांना कुशीवर निजवून बाळंत करून पाहिले. त्यानेही फरक पडला नाही. उरला तो एकच भेद : पहिल्या विभागात विद्यार्थी होते आणि दुसऱ्यात सुईणी. पण त्या भेदाने मृत्यू का यावा, हे कळत नव्हते.

त्याचे उत्तर एका मित्राच्या मृत्यूने दिले. मार्च १८४७ मध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेच्का हे शवविच्छेदन करीत असता एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटाला जखम झाली, आणि थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत वाचताना सेमेलवाइस यांना दिसले, की शरीरातील बिघाड हुबेहूब प्रसूतिज्वराने मेलेल्या स्त्रियांसारखाच आहे. कोलेच्का बाळंत झालेले नव्हते. त्यांच्या रक्तात शवाचा अंश शिरला होता. मग बाळंतिणींच्या शरीरात तो कोठून येत होता? पहिल्या विभागाचे विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी शवागारात विच्छेदन करीत आणि तेथून थेट प्रसूतिकक्षात जाऊन स्त्रियांची आतून तपासणी करीत. सुईणींचा शवागाराशी संबंधच नव्हता. जुन्या नोंदी चाळल्यावर आणखी एक दुवा जुळला. क्लाइन यांच्या आधीचे प्राध्यापक बोअर हे विद्यार्थ्यांना शवावर नव्हे, तर कृत्रिम प्रतिकृतीवर शिकवीत. १८२२ पर्यंतच्या त्या काळात मृत्यूचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास होते. बोअर गेले, शवांवर शिकवणे सुरू झाले आणि मृत्यू वाढले.

या शोधाचा सर्वांत जिव्हारी लागणारा भाग असा, की रोज सकाळी सर्वांत मन लावून शवविच्छेदन करणारे स्वतः सेमेलवाइसच होते. ज्या स्त्रियांच्या मृत्यूचे कारण ते शवागारात शोधत होते, ते कारण त्यांच्याच हातांना लागून पुढच्या स्त्रीपर्यंत जात होते. त्यांनी हे पुढे लिहून ठेवले आणि आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली गेल्या हे परमेश्वरासच ठाऊक, अशा आशयाची कबुली दिली.

साबणाने हात धुतल्यावरही शवाचा वास जात नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून मे १८४७ च्या मध्यास त्यांनी नियम केला : प्रसूतिकक्षात येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरिनच्या पाण्यात हात घासून धुतलेच पाहिजेत. पुढे स्वस्त म्हणून क्लोरिनयुक्त चुना वापरण्यात आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभरात अठरा माता गेल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण अडीचच्या खाली आले आणि जुलैमध्ये सव्वाच्या आसपास. ऑक्टोबरमध्ये नवा धडा मिळाला. गर्भाशयाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीला तपासून तेच हात रांगेतील पुढच्या स्त्रियांना लागले आणि बारांपैकी अकराजणी दगावल्या. शवच हवे असे नाही, जिवंत शरीरातील सडका अंशही तेवढाच घातक, हे त्यावरून कळले आणि प्रत्येक स्त्रीला तपासण्यापूर्वी हात धुण्याचा दंडक झाला. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. प्रमाण दुसऱ्या विभागाच्या बरोबरीला आले. मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही माता दगावली नाही.

एवढ्या पुराव्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही. १८४८ च्या क्रांतीनंतर व्हिएन्नात हंगेरियन माणसाकडे संशयाने पाहिले जात होते, हे खरे. पण विरोधाचे मूळ त्याहून खोल होते. तो नियम मान्य करणे म्हणजे, इतकी वर्षे आपल्याच हातून मृत्यू वाटले गेले, हे मान्य करणे. आपण सुसंस्कृत गृहस्थ, तेव्हा आपले हात अस्वच्छ असूच शकत नाहीत, अशी त्या काळच्या डॉक्टरांची धारणा होती. हे एक प्रकारचे सोवळेच होय. सोवळ्यात शुचिता माणसाच्या पदाला चिकटलेली असते. हाताला काय लागले आहे, हे त्यात विचारले जात नाही. त्यांच्या जागी आलेल्या कार्ल ब्राउन यांनी पुढे आपल्या ग्रंथात प्रसूतिज्वराची तीस कारणे दिली; त्यांत शवाच्या संसर्गाला अठ्ठाविसावे स्थान मिळाले.

सारा दोष विरोधकांच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते. हातावरील अदृश्य अंश नेमका कशाचा, हे सेमेलवाइस दाखवू शकत नव्हते. शिवाय त्यांना लिहिण्याचा विलक्षण कंटाळा होता. त्यांच्या शोधाची पहिली वार्ता हेब्रा यांनी छापली आणि त्यावर व्याख्यान श्कोडा यांनी दिले. ते स्वतः वैद्यकसभेपुढे उभे राहिले १८५० मध्ये. त्याच वर्षी त्यांना अध्यापनाची परवानगी मिळाली, पण ती केवळ प्रतिकृतीवर शिकविण्यापुरती. हा अपमान सहन न होऊन ते मित्रांचाही निरोप न घेता पेस्टला निघून गेले. त्यांची बाजू मांडणारे मित्र त्यामुळे दुखावले.

पेस्टच्या सेंट रोखुस रुग्णालयात त्यांनी सहा वर्षे बिनपगारी काम केले. तेथे ९३३ बाळंतपणांत अवघ्या आठ माता प्रसूतिज्वराने गेल्या. १८५५ मध्ये ते पेस्टच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले, १८५७ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांचा मुख्य ग्रंथ मात्र १८६१ मध्ये, म्हणजे शोधानंतर चौदा वर्षांनी, बाहेर पडला. तोही विस्कळित आणि वादाने भरलेला. त्याला थंडा प्रतिसाद मिळाल्यावर त्यांनी युरोपातील नामांकित प्राध्यापकांना खुली पत्रे लिहून त्यांच्यावर खुनाचा आरोप केला. त्या आरोपात तथ्य असले, तरी आरोपाने कोणी हात धुवायला लागत नाही. पुढे त्यांच्या मनाचा तोल ढळत गेला. जुलै १८६५ च्या अखेरीस त्यांना व्हिएन्नास आणून, दुसरेच निमित्त सांगून, वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले. दोनच आठवड्यांनी, १३ ऑगस्ट रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. रखवालदारांनी त्यांना मारहाण केली असावी, असे नंतर उजेडात आलेल्या नोंदींवरून दिसते. मृत्यूचे कारण होते जखमेतून रक्तात भिनलेले विष. ज्या रोगाशी ते आयुष्यभर झुंजले, त्याच जातीचे.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाचा प्रयोग केला होता. १८७९ मध्ये पाश्चर यांनी प्रसूतिज्वराच्या रुग्णांत आढळणारे साखळीसारखे जंतू पॅरिसच्या वैद्यकसभेत दाखविले. कारण डोळ्यांना दिसू लागल्यावर जगाने हात धुतले. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ मध्ये सेमेलवाइस यांचे नाव देण्यात आले.

हा केवळ इतिहास असता, तर त्याची आठवण पुण्यतिथीपुरती पुरेशी होती. परंतु बाळंतपणातील जंतुसंसर्ग हे आजही मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. त्यावर सध्याच्या संशोधनाने दोन वाटा दाखविल्या आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सात देशांतील एकोणतीस हजारांहून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. भारतातील नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे त्यांत होती. कळा सुरू झालेल्या स्त्रीला अ‍ॅझिथ्रोमायसिन या औषधाची दोन ग्रॅमची एकच मात्रा तोंडाने दिली असता मातेला होणारा गंभीर संसर्ग वा मृत्यू यांचे प्रमाण शेकडा २.४ वरून १.६ वर आले. नवजात बालकांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. प्रतिजैविकांच्या सरसकट वापराने जंतूंना औषधे न जुमानण्याचे बळ येते, ही भीतीही आहेच. दुसरी चाचणी २०२५ मध्ये पुढे आली. मलावी आणि युगांडा येथील ५९ रुग्णालयांत झालेल्या या कामात नवे औषध काहीच नव्हते. योग्य वेळी हात स्वच्छ करणे, संसर्ग टाळण्याचे नियम पाळणे, आजार लवकर ओळखून लगेच उपचार करणे, आणि हे सारे खरोखर होते की नाही याची सतत मोजदाद ठेवणे, एवढेच त्यात होते. संसर्गाने होणारे मातामृत्यू आणि गंभीर आजार त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटले.

म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे ठाऊक झाले, ते नीट पाळले तर आजही हजारो माता वाचतात. आणि ते आपोआप पाळले जात नाही, हेही या चाचणीने सिद्ध केले. सेमेलवाइस यांचा नियम त्यांच्या करड्या नजरेवर उभा होता. ते गेले, तेव्हा त्याला वाली उरला नाही. तोच नियम संस्थेचा व्हायचा, तर नळाला पाणी, हाताशी साबण वा निर्जंतुक द्रव, परिचारिकेच्या माथी झेपेल एवढेच काम, आणि मोठ्या डॉक्टरलाही हात धुण्याची आठवण करून देण्याची धाकट्या परिचारिकेला मुभा, इतके सारे लागते. यांतले काहीही प्रयोगशाळेतून यायचे नाही. ते अंदाजपत्रकातून आणि रोजच्या शिस्तीतून यायचे आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट हवी. व्हिएन्नातील त्या विनवण्या करणाऱ्या बायकांना धोका कोठे आहे हे वैद्यकशास्त्राच्या आधी कळले होते. त्यांचे म्हणणे अडाण्यांची भीती म्हणून सोडून न देता वहीतील आकड्यांशी ताडून पाहिले असते, तर कित्येक वर्षे आणि कित्येक जीव वाचले असते. प्रसूतिगृहात आलेली बाई काही सांगू लागली, तर ते ऐकून नोंदवून ठेवणे, हाही वैद्यकाचाच भाग मानला पाहिजे.