सर अल्बर्ट हॉवर्ड आणि आपला पाचोळा

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दृश्य हमखास दिसते. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. लिंबाची पानगळ अंगणात साचते, ती झाडून रस्त्याच्या कडेला लोटली जाते आणि तिला काडी लावली जाते. परभणी-सेलूसारख्या शहरांतही याहून वेगळे घडत नाही. तेथे काडी लावण्याऐवजी तो पाचोळा प्लॅस्टिकच्या पिशव्यांसह एकाच गाडीत टाकला जातो, एवढाच काय तो फरक. ज्या काळ्या जमिनीने वर्षभर ही पाने पोसली, तिच्या वाट्याला मात्र काहीच परत येत नाही. अशाच काळ्या जमिनीत, अशाच पऱ्हाट्यांकडे आणि पाचोळ्याकडे पाहून एका परदेशी शास्त्रज्ञाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक पद्धत सिद्ध केली. जगाने ती इंदूरच्या नावाने स्वीकारली. त्या शास्त्रज्ञाचे, सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे, स्मरण आज केवळ उपचार म्हणून करावयाचे नाही.

हॉवर्ड यांचा जन्म 1873 साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात बिशप्स कॅसल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचे उत्तम शिक्षण घेऊन ते 1899 मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर वनस्पतिरोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. उसाच्या आणि इतर पिकांच्या रोगांवर तेथे ते सल्ला देत. पण ज्या पिकाविषयी आपण बोलतो ते स्वतः पिकवून पाहण्यास आपल्यापाशी जमीनच नाही, ही विसंगती त्यांना बोचू लागली. प्रयोगशाळा आणि शेत यांच्यातील ही दरी बुजविण्याची संधी त्यांना मिळाली ती हिंदुस्थानात. 1905 साली बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई या विदुषीशी झाला. त्या स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि पुढील पंचवीस वर्षांचे सारे संशोधन पती-पत्नींनी जोडीने केले.

पुसा येथे या दांपत्याने गव्हाच्या सुधारित जाती निर्माण केल्या आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. तथापि, हॉवर्ड यांच्या मनाला दुसराच प्रश्न पडला होता. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके औषधांवाचून बऱ्यापैकी निरोगी राहतात, याचे कारण काय? साहेबाने रयतेला शिकवावयाचे, अशी त्या काळची रीत होती. हॉवर्डनी ती उलटी केली आणि शेतकऱ्यांनाच गुरू मानले. केवळ नवे बियाणे देऊन भागणार नाही, जमिनीचा कसच टिकविला पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी काढला. चीनमधील शेतकरी शतकानुशतके काडीकचरा, राख आणि मैला जमिनीला परत देत आले, याचा वृत्तांत अमेरिकन अभ्यासक किंग यांच्या 1911 च्या ग्रंथात आला होता. त्यानेही त्यांना दिशा दिली.

1924 मध्ये इंदूर येथे कापसाच्या संशोधनासाठी नवी संस्था उभी राहिली. होळकर संस्थानाने 300 एकर जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातील संस्थानांनी द्रव्यसाहाय्य केले. हॉवर्ड संस्थेचे संचालक झाले. यशवंत वाड यांच्यासारखे सहकारी त्यांना तेथे लाभले. जमीन काळी, पीक कापसाचे. मराठवाड्याच्या वाचकाला वेगळे वर्णन नको. शेणाचा मोठा वाटा गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात होता. मग खत आणावयाचे कोठून? हॉवर्ड यांचे उत्तर असे की, जे टाकाऊ म्हणून जाळले जाते त्यातूनच.

पऱ्हाट्या आणि तुराट्या कठीण असल्याने लवकर कुजत नाहीत. हॉवर्डनी त्या शेतातील गाडीवाटांवर अंथरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला, यंत्राची गरजच पडली नाही. हा चुरा, तण आणि गळलेली पाने गुरांखाली अंथरावयाची, म्हणजे गोमूत्र वाया जात नाही. मग 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्ड्यात या काडीकचऱ्याचे, शेणाचे, मूत्र मुरलेल्या मातीचे व राखेचे थर पाणी शिंपडत रचावयाचे. काडीकचरा तीन भाग तर शेण सुमारे एक भाग. तीन वेळा उलथापालथ केली, हवा खेळती ठेवली, की बुरशी आणि जिवाणू आपले काम चोख करतात. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे म्हणतात. हॉवर्ड यांच्या खड्ड्यात ती तीन महिन्यांत फिटली.

1930 साली गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्डनी वाड यांच्यासह या पद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि भारत सोडला. 1934 मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी इंदूर पद्धतीने वस्तीतील केरकचऱ्याचे व मैल्याचे खत करण्याची रीत पुस्तिकेत मांडली. म्हणजे शेतातील हा खड्डा तेव्हाच नगराच्या वेशीपर्यंत आला होता. त्याच वर्षी हॉवर्डना सर ही पदवी मिळाली. 1940 मध्ये त्यांचा प्रमुख ग्रंथ प्रकाशित झाला. भारत स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर 1947 मध्ये, ते कालवश झाले. निरोगी मातीतून पिकांना व माणसांना मिळणाऱ्या आरोग्याविषयीचे त्यांचे सर्वच दावे शास्त्राने मान्य केले असे नाही. मात्र कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावाचून जमीन टिकत नाही, हे त्यांचे मूळ प्रतिपादन कोणालाही खोडता आलेले नाही.

याच इंदूर शहराने 2017 पासून सलग अनेक वर्षे देशातील स्वच्छतेत पहिला क्रमांक मिळविला. 2022 मध्ये तेथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू व खत निर्माण करणारा प्रकल्प सुरू झाला. त्यामागील खरे बळ यंत्राचे नव्हे, घरातच ओला व सुका कचरा वेगळा करण्याच्या सवयीचे आहे. 2016 च्या केंद्रीय नियमांनी बागेतील कचरा वेगळा साठविण्यास सांगितले होते. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये दंड ठरविला. दंडाची पावती फाडल्याने धूर थांबत नाही, हा अनुभव मात्र सर्वत्र आहे. पाचोळा द्यावयाचा कोणाकडे, हे ठाऊक नसेल तर माणूस काडीच लावणार.

हॉवर्ड यांच्या खड्ड्यात प्लॅस्टिक नव्हते. आज ते आहे, म्हणून पाचोळा मिसळण्यापूर्वीच उचलणे अधिक अगत्याचे झाले आहे. पानगळीच्या दिवसांत नगरपालिकेने आठवड्यातून एक वार केवळ पाचोळ्यासाठी राखून ठेवावा, ग्रामपंचायतीने गावालगत एक जागा नेमून द्यावी, शाळांनी आपल्या आवारात एक खड्डा खणावा, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. मराठवाड्यात उन्हाळ्यात पिण्यालाच पाणी नसते, तेथे खड्ड्याला कोठून आणावे, हा आक्षेप रास्त आहे. पण पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचावयाचा, ही सोयही हॉवर्डनीच सांगून ठेवली आहे. फाल्गुन-चैत्राचा पाचोळा कोरडा साठवून ठेवावा आणि मृग बरसला की थर रचावेत; दिवाळीच्या आत खत हाती येईल. देवगाव फाट्यावरून आजही वाहने अहोरात्र धावतात. त्यांच्या कडेला पेटलेल्या ढिगात जळतो तो कचरा नव्हे, येणाऱ्या पिकाचा घास जळतो. एवढे उमगले, तरी हॉवर्ड यांचे ऋण काही अंशी फिटेल.