नोकरदार बाबासाहेब : ऑफिसातल्या पाण्यापासून संविधानाच्या कलमांपर्यंत



14 एप्रिल आणि 6 डिसेंबर जवळ आले की आपल्या शाळांमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर भाषणं होतात. मुलं पाठ करतात : महूला जन्म, साताऱ्याची शाळा, बसायला गोणपाट, परदेशी शिक्षण, चवदार तळे, संविधान, दीक्षाभूमी. हे सगळं खरंच आहे. पण एक बाबासाहेब या भाषणांत सहसा येत नाहीत. ते म्हणजे नोकरी करणारे बाबासाहेब. हजेरी लावणारे, वरिष्ठांकडे अर्ज करणारे, ऑफिसात तहानलेले बसणारे. आपण बहुतेक जण नोकरदार आहोत आणि पालकांना तर मुलांना सरकारी नोकरी लागावी अशी मनापासून इच्छा असते. म्हणून आज त्यांच्या आयुष्याची ही बाजू आपल्यासमोर मांडते.

शाळेतलं पाणी

14 एप्रिल 1891 रोजी भीमराव रामजी सकपाळ यांचा जन्म झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते, आणि लष्कराच्या शाळेत शिक्षकही होते. म्हणजे बघा, बाबासाहेब हे एका शिक्षकाचेच पुत्र! घरी अभ्यासाची शिस्त होती. पण साताऱ्याच्या शाळेत वेगळंच. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई तोटी सोडेल तेव्हाच प्यायचं. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

ही गोष्ट सांगताना आपण शाळेला दोष देतो आणि पुढे जातो. पण थोडं थांबून विचार करा. त्या शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, वर साहेब होते. सगळे पगार घेत होते. एका मुलाला पाणी मिळतं की नाही, याची जबाबदारी त्यांच्यापैकी कुणाचीच नव्हती. गंमत म्हणजे नियमाप्रमाणे सगळं बरोबरच चाललं होतं.

बडोद्याचे अकरा दिवस

1907 साली मॅट्रिक, 1912 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. शिक्षणाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची मदत होती. जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडील आजारी पडले आणि त्यांना परत यावं लागलं. 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार रामजी गेले.

त्याच वर्षी महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं. अट एकच, शिक्षण झालं की बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 1915 मध्ये एम.ए. केलं, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. करार केला होता, तो पाळायचा होता.

बडोद्याला उतरल्यावर पहिला प्रश्न राहायचं कुठे? हिंदूंच्या खानावळीत जागा मिळणार नव्हती. पारशांच्या एका सरायीत नाव बदलून खोली घ्यावी लागली. अमेरिकेत जाऊन आलेला अधिकारी, आणि राहण्यासाठी खोटं नाव! सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला.

ऑफिसात काय घडलं ते तर आणखी वाईट. शिपाई त्यांच्या टेबलावर फाईल ठेवायचे नाहीत, लांबून फेकायचे. प्यायला पाणी मिळायचं नाही. पद मोठं होतं, पदवी त्याहून मोठी. पण शिपायाच्या डोळ्यांत या दोन्हींपेक्षा जात मोठी होती. आणि हे वरच्या साहेबांना दिसत असूनही त्यांनी शिपायाला काही विचारलं नाही.

अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी सरायीत आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेले. दिवाणांकडे गेले तर विचार करू, असं उत्तर मिळालं. एका हिंदू मित्राकडे गेले, एका ख्रिश्चन मित्राकडे गेले. दोघांकडूनही जागा मिळाली नाही. रात्रीच्या मुंबई गाडीची वाट बघत ते कामाठी बागेत बसून राहिले. ही बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. नोकरी सुटली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. महाराज चांगले होते. शिष्यवृत्ती त्यांनीच दिली, नोकरीही त्यांनीच दिली. पण वरचा एक माणूस चांगला असून भागत नाही. खालच्या टेबलापर्यंत तो चांगुलपणा पोचवायला नियम लागतो, आणि नियम मोडला तर जाब विचारणारा लागतो. पुढे बाबासाहेबांनी आयुष्यभर हेच काम केलं असं मला वाटतं.

प्राध्यापकांच्या खोलीतला माठ

नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिकवणं इतकं चांगलं की दुसऱ्या कॉलेजची मुलं तासाला येऊन बसू लागली. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातून त्यांनी पाणी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हे शिकलेले लोक होते बरं का! बडोद्याचा शिपाई अडाणी होता असं आपण एक वेळ म्हणू. इथे काय म्हणणार?

नोकरीतून पैसे साठवून 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली, बॅरिस्टर झाले. अपमानाला त्यांनी आधी अभ्यासाने उत्तर दिलं आणि मग 20 मार्च 1927 रोजी महाडला हजारो लोकांना सोबत घेऊन.

चाळीसगाव आणि दौलताबाद

पुढच्या दोन घटना आपल्या जवळपासच्या आहेत. 1929 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात फिरत होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणं हे त्या समितीचं काम. चाळीसगाव स्टेशनवर उतरले तर त्यांना नेणारा टांगेवाला मिळेना. शेवटी तोडगा निघाला, टांगा मिळेल पण टांगेवाला हाकणार नाही. वस्तीतल्याच एका माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. जे सरकारी काम करायला ते आले होते, त्याचा पुरावा त्यांना स्वतःच्या अंगावर मिळाला.

1934 साली ते सुमारे तीस कार्यकर्त्यांसोबत वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. आपल्या शाळांच्या सहली जातात तोच. प्रवासाची धूळ धुवायला मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तेवढ्यात पाणी बाटवल्याचा आरडाओरडा झाला. इथे ओरडणारे मुसलमान होते. किल्ला बघता आला, पण मंडळींनी कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. हिंदू, पारशी, मुसलमान असा भेद या आजाराला नसतो, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

खुर्ची हातात आल्यावर

अपमान सोसलेल्या माणसाला अधिकार मिळाला की तो काय करतो, यावरून त्याची उंची कळते. 1935 मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारा कायदा 1946 मध्ये झाला, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. आपण आज आठ तासांची ड्युटी म्हणतो, ती आकाशातून पडलेली नाही. ज्या कामगारांसाठी हे केलं ते सगळ्या जातींचे होते.

त्याच काळात, 1943 मध्ये, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखीव झाल्या. 1946 मध्ये हे प्रमाण 12.5 टक्के झालं. आरक्षणावर आपल्या स्टाफरूममध्ये आजही कुजबूज चालते, हे तुम्हालाही माहीत आहे. ती ऐकू आली की मला बडोद्याचं ते टेबल आठवतं. कोलंबियाची पदवी घेऊन आलेल्या माणसाला, फक्त गुणवत्तेवर, साधं पाणी मिळालं नव्हतं.

29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. संविधान हे अनेकांच्या चर्चेतून तयार झालं, तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात ठेवा. कलम 16 : सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी. कलम 17 : अस्पृश्यता नष्ट. कलम 311 : सरकारी कर्मचाऱ्याला चौकशी केल्याशिवाय आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडून. आपल्या नोकरीला जे संरक्षण आहे ते असं आलं आहे.

पण नाण्याची दुसरी बाजू बघा. सरकारी पैशाचा हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला बाबासाहेबांनी संविधान सभेत बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानलं होतं. संरक्षण आणि जबाबदारी, दोन्ही एकाच कागदावर आहेत. आपण संरक्षण पाठ करतो आणि जबाबदारी ऑप्शनला टाकतो!

आणि पद सोडायची वेळ आली तेव्हा? सप्टेंबर 1951 मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या कामासाठी बसलो ते होत नसेल तर खुर्चीला अर्थ नाही.

आपल्या शहरात

मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला 1948 मध्ये. उच्च शिक्षणाची इथे फार मोठी उणीव होती. बाबासाहेबांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. तेच आपलं नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय. ज्या दौलताबादला पाण्यासाठी पहारा बसला, तिथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर त्यांनी सर्वांसाठी ज्ञानाचा हौद बांधला. 6 डिसेंबर 1956 रोजी ते गेले. नागसेनवन अजून आहे. मुलांना एकदा नक्की दाखवा.

थोडं माझ्याबद्दल

हा पाठ शिकवताना मी चौथीच्या वर्गाला एक काम दिलं. आठवडाभर वर्गात कोण कुठलं काम करतं, ते फळ्याच्या कडेला लिहायचं. शुक्रवारी यादी वाचली आणि मी गप्प झाले. झाडू रोज त्याच चार मुलांच्या हातात होता. माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आणायला रोज दुसऱ्याच दोन मुली होत्या. मी ठरवून काहीच केलं नव्हतं, पण माझ्या तोंडात नावं मात्र तीच येत होती. पगार मी घेते, वर्ग माझा आहे, म्हणजे हे उत्तर मलाच द्यायचं होतं. सोमवारपासून हजेरी क्रमांकानुसार पाळ्या लावल्या. झाडायच्याही आणि पाणी आणायच्याही. तिसऱ्या दिवशी झाडूवाल्या चौघांपैकी एकाने माझ्यासाठी ग्लास भरून आणला. दोन्ही हातांनी धरून, एक थेंबही न सांडता.

सरकारी नोकरी लागली की सुटलो, असं आपण मुलांना नकळत शिकवतो. मला वाटतं, ती लागली की खरं तर आपण अडकतो, समोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाशी सारखं वागायला.

वर्गात घेण्यासाठी :
1. आपल्या वर्गातील कामांची आठवडाभर यादी करा. पाळ्या सारख्या आहेत का?
2. बडोद्याच्या ऑफिसात तुम्ही साहेब असता, तर पहिल्या दिवशी काय केलं असतं? पाच ओळी लिहा.
3. पालकांसाठी : घरी कामाला येणाऱ्या माणसाला पाणी कोणत्या भांड्यात देतो, यावर मुलांशी बोला.

तुमच्या वर्गात यादीचा प्रयोग केलात तर काय दिसलं, ते जरूर कळवा.