एका हाताचा नदीयात्री : जॉन वेस्ली पॉवेल

वर्धा नदीचा पूर पाहिलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट चटकन कळते.

जॉन वेस्ली पॉवेल यांचा जन्म १८३४ साली अमेरिकेत झाला. तरुणपणी ते शाळामास्तर होते. १८६२ च्या युद्धात त्यांचा उजवा हात गेला, पण नदीची ओढ काही गेली नाही.

मे १८६९ मध्ये ९ सोबती, ४ होड्या आणि १० महिन्यांचा शिधा घेऊन ते कोलोरॅडो नदीच्या अनोळखी दऱ्यांकडे निघाले. एक होडी बुडाली तरी उपाशी राहू नये म्हणून शिधा ३ होड्यांत वाटून ठेवला. पण हवेचा दाब मोजायची यंत्रं मात्र चुकून एकाच होडीत राहिली. जूनमध्ये खडकावर नेमकी तीच फुटली! यंत्रं कशीबशी सापडली, शिधा वाहून गेला. उरलेलाही भिजून नासला. २८ ऑगस्टला तिघे सोबती पुढचा धबधबता प्रवाह पाहून दरी चढून गेले, ते परतलेच नाहीत. बाकीचे दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले.

१८७१ च्या दुसऱ्या सफरीत पॉवेल यांनी वाटेवर शिधा पोहोचवण्याची सोय आधीच लावली. १९०२ साली ते वारले.

सहलीची तयारी करताना मुलांना एवढंच विचारा : आपलं सगळं औषध एकाच पिशवीत तर नाही ना?